कारणाचा रकाना

मुख्तारचा फोन आला तेव्हा नुहादच्या हातात कुणा अनोळखी माणसाचा वरचा जबडा होता. मेणाचा. डावा सुळा तिने नुकताच बसवला होता आणि तापवलेल्या पात्याने ती त्याची कड सारखी करत होती. खाली बैरूतच्या रस्त्यावर नेहमीचे हॉर्न वाजत होते. कवळ्या बनवायच्या या लॅबमध्ये तिला एकवीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत गावच्या मुख्तारने तिला इथे कधी फोन केला नव्हता. मुख्तार अबू नसीबच्या शिक्क्यावाचून गावातल्या कुणाचाही जन्म, मरण किंवा लग्न कागदावर चढत नसे. लोक त्याला भेटायला जात, तो कुणाला फोन करत नसे.

"पोरी, तुझा दाखला तयार आहे," तो म्हणाला. "सही झाली, शिक्का झाला. एक रकाना तेवढा राहिलाय. कशासाठी हवाय ते तू सांगितलंच नाहीस."

"विम्यासाठी," नुहाद म्हणाली. हे उत्तर तिने दोन आठवडे तोंडात घोळवलं होतं, तरी ते बाहेर आलं ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजात.

"विम्याला हल्ली लग्न झालेलं नसल्याचा दाखला लागतो होय?"

"लागतो म्हणाले."

"लागत असेल बाबा. काय काय लागतं हल्ली." पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "घ्यायला घरी येऊ नकोस. ओट्यावर चार बायका बसलेल्या असतात. उद्या सकाळी कामाला निघशील तेव्हा मुनीर गाडीत देईल."

फोन ठेवला तेव्हा पातं सुळ्यावरच टेकलेलं होतं आणि सुळा वितळून हिरडीवर ओघळला होता. तिने तो खरवडून काढला, नवीन मेण घेतलं. घरी येऊ नकोस. विम्याच्या कागदासाठी बायका चुकवायचं काय कारण? त्याला खरंच तिची सोय बघायची असेल, तर मग त्याला कळलेलं आहे. आणि कळलेलं नसेल, तर त्याने बायकांचं नाव का काढलं? ती दोन्हीकडून विचार करत राहिली आणि दोन्हीकडून शेवटी एकाच ठिकाणी पोचत राहिली. चौथ्या वेळी सुळा बसला. समोरच्या बाकावरून मालकीणबाई म्हणाल्या, "आज एका सुळ्याला चार वेळा?" नुहाद म्हणाली, काही खाल्लं नाही सकाळपासून. हेही खोटं होतं. गेल्या काही महिन्यांत तिला एका खोट्याला दुसरं जोडून ठेवायची सवय लागली होती.

हागोप तिला भेटला तो याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, सहा वर्षांपूर्वी. भेटला म्हणजे ती आत अडकली होती आणि तो बाहेरून दार उघडत होता. वीस मिनिटं ती अंधारात उभी होती आणि त्याचा आवाज फटीतून येत होता, हळू, जरासा घोगरा, आर्मेनियन लोकांचं असतं तसं अरबी, बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करणारं. "घाबरू नका. एकट्याच आहात?" त्याने विचारलं होतं. "हातात खोका आहे. बारा माणसांचे दात आहेत," ती म्हणाली होती. "मग तेरा जण आहात की. गप्पा मारा." ती अंधारात हसली होती. पुढे ती त्याच्यासमोर पुष्कळदा हसली. पण ज्या दिवशी त्याने लग्नाचं विचारलं त्या दिवसापासून हसता हसता तिला मागे वळून बघायची खोड लागली. तो चर्चमधला, ती डोंगरातल्या द्रूझ पंथाची. लेबनॉनमध्ये लग्न धर्माच्या वहीतच लागतं आणि तिच्या धर्माच्या वहीत बाहेरच्या माणसाला जागा नाही. असे अडलेले लोक अर्ध्या तासाचं विमान पकडून सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत परवाना काढून लग्न करतात आणि तो कागद घेऊन परत येतात, मग सरकार तो मुकाट्याने नोंदवून घेतं. एजंटकडे त्याची पॅकेजं असतात, हॉटेल, फुलं, साक्षीदार सगळं धरून. हागोपच्या आईला सगळं माहीत होतं. म्हातारी म्हणाली होती, "पन्नाशीला आलास. आता द्रूझ असो, चिनी असो, स्वयंपाक येतो ना?" नुहादच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हतं. ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि संध्याकाळी साडेसहाला घरी पोचली नाही तर आई दारात येऊन उभी राहत असे.

दुसऱ्या दिवशी गावाहून बैरूतला पोचून ती गाडीतून उतरत असताना मुनीरने तिच्या हातात पाकीट दिलं. "मळू देऊ नकोस म्हणाला मुख्तार," एवढंच तो बोलला. पाकिटाला डिंकाऐवजी चिकटपट्टी होती. लॅबच्या जिन्यात उभं राहून तिने ती पट्टी उजेडात धरून बघितली. पट्टीच्या एका टोकाला कागदाचे तंतू चिकटलेले होते, म्हणजे ती एकदा काढून परत लावली असावी. किंवा अबू नसीबने पहिल्यांदा वाकडी लावली म्हणून सरळ केली असेल, म्हातारा माणूस. आत दाखला होता. वडिलांचं नाव, आईचं नाव, घराण्याच्या नोंदीचा आकडा, अविवाहित. आणि कारणाचा रकाना कोरा. त्याने 'विमा' लिहिलंच नव्हतं. जिन्यातला दिवा दर मिनिटाला विझायचा, ती दर मिनिटाला बटण दाबायची आणि परत त्या कोऱ्या चौकोनाकडे बघायची.

त्या संध्याकाळी आई अंगणात बसून माते नावाचा पाल्याचा चहा पीत होती. भोपळ्याच्या भांड्यातली नळी लिंबाच्या सालीने पुसून तिने ती नुहादकडे दिली, नेहमीसारखी, आणि नुहादने कडू घोट घेतला. आईच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल इतका पांढरा होता की त्याच्याकडे बघून खोटं बोलणं जड जायचं. "गुरुवारी उत्तरेला, ट्रिपोलीला जायचंय. लॅबचं काम. एक रात्र राहावं लागेल," ती म्हणाली. आई म्हणाली, "तिकडे मिठाई चांगली मिळते." वरच्या मजल्यावरून भाऊ, वहीब, खाली उतरत होता. टायरच्या दुकानाचा काळा वास त्याच्या आधी जिना उतरायचा. तिला वाटलं तो आपल्याकडे जास्त वेळ बघतोय. मग वाटलं, आज तो बघतच नाहीये, आणि तेच वाईट. तिला मारझोडीची भीती नव्हती. वहीबने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, वडील गेल्यावर तर तो तिच्याशी आवाजही चढवत नसे. तिची भीती निराळी होती आणि ती आत्या नाझिरापासून आलेली होती.

नाझिरा आत्या जकात खात्यातल्या एका कारकुनाबरोबर पळून गेली तेव्हा नुहाद नऊ वर्षांची होती. कुणी बंदूक काढली नाही, कुणी तिच्यामागे गेलं नाही. आजीने फक्त जेवायला एक बशी कमी मांडली. काही महिन्यांनी आत्याचे फोन यायला लागले. जो कुणी उचलायचा तो तिचा आवाज ऐकून रिसीव्हर जागेवर परत ठेवत नसे. तो टेबलावर आडवा ठेवायचा, अगदी हलक्या हाताने, आणि आपल्या कामाला निघून जायचा. घर चालू राहायचं. भांडी वाजायची, आजोबा खोकायचे, कुणीतरी कुणाला हाक मारायचं, आणि आत्या तिकडे कुठेतरी ते सगळं ऐकत असायची, फोन आपोआप तुटेपर्यंत. एकदा घरात कुणी नसताना नुहादने तो आडवा रिसीव्हर कानाला लावला होता. पलीकडे श्वास होता. "कोण आहे?" आत्याने विचारलं. "कोण आहे तिथे? वहीब? नुहाद?" नुहादने रिसीव्हर होता तसा परत टेबलावर ठेवला. हलक्या हाताने. कसा ठेवायचा ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी विमानतळावर ती आणि हागोप वेगवेगळ्या रांगांत उभे राहिले. हे तिनेच ठरवलं होतं. पारपत्र तपासणाऱ्या शिपायाचं आडनाव डोंगरातलं होतं, ते तिने छातीवरच्या पट्टीवर वाचलं. "सायप्रस? कशासाठी?" "फिरायला." त्याने शिक्का मारला आणि पारपत्र परत देताना म्हणाला, "मबरूक." अभिनंदन. तो बहुधा सगळ्याच एकट्या बायकांना तसं म्हणत असावा, अर्धं विमान त्याच कामाला निघालेलं असतं. तरी विमानात बसल्यावर तिने ते आडनाव आपल्या ओळखीच्या सगळ्या घरांना जोडून बघितलं. हागोप खिडकीशी होता. तो म्हणाला, "पाणी पी." ती म्हणाली, "त्या शिपायाची आत्या आमच्या गावात दिलेली असेल तर?" तो म्हणाला, "तू पाणी पी आधी."

सायप्रसमधल्या लार्नाकाच्या नगरपालिकेत अँड्रूला नावाची एजंटबाई त्यांची वाट बघत होती. जाड, घामेजलेली, हातात गुलाबी फाइल. दिवसाला सहा-सात लग्नं लावत असल्यामुळे तिला कशाचंच नवल राहिलं नव्हतं. तिने दोघांना बाकावर बसवलं आणि कागद घेऊन आत गेली. समोरच्या बाकावर आणखी एक जोडपं होतं, विशीतलं. मुलीच्या मांडीवरच्या पारपत्रावरची अक्षरं नुहादने ओळखली. दहा वर्षांची असताना ती अक्षरं तिने गावातून जाणाऱ्या रणगाड्यांवर पाहिली होती. दक्षिण सीमेपलीकडच्या शत्रूदेशातले. त्यांच्या देशातही लग्न धर्माच्याच वहीत लागतं म्हणून तेही इथेच येतात, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलणंसुद्धा लेबनॉनच्या कायद्यात गुन्हा आहे. मुलीचे केस सुटून खांद्यावर आले होते, ती एका हाताने ते वर धरून दुसऱ्या हाताने पर्स उपसत होती. तिने नुहादकडे पाहिलं आणि केसांकडे बोट करून खांदे उडवले. नुहादने स्वतःच्या डोक्यातली एक पिन काढली. हागोपने तिच्या कोपराला हलकेच हात लावला, पण तोवर तिने हात पुढे केला होता. मुलगी काहीतरी म्हणाली, बहुधा आभार. नुहाद बोलली नाही. मग कितीतरी वेळ ती व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिली. आता आपल्या नावावर दोन गुन्हे झाले असं तिला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यातला हा दुसरा हलका वाटला.

मग त्यांना आत बोलावलं. अधिकारी बाई साठीची होती, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा. तिने हागोपचे कागद पाहिले, बाजूला ठेवले. नुहादचे पाहिले आणि पुन्हा पाहिले. मग पारपत्र आणि दाखल्याचं भाषांतर शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने एका अक्षरावर टिंब दिलं. पारपत्रात निहाद होतं. भाषांतरात नुहाद. अरबीत दोन्ही एकसारखंच लिहितात, वाचणारा आपल्या मनाने वाचतो, हे हागोपने समजावून सांगितलं. अँड्रूलाने ते ग्रीकमध्ये आणखी लांबवून सांगितलं.

"असेल," अधिकारी बाई म्हणाली. "पण माझ्यापुढे दोन बायका आहेत. एक अविवाहित आहे असा कागद आहे. दुसरीचा काहीच कागद नाही. परवाना कुणाला देऊ? बाहेर बसा, मी वरती विचारते."

बाहेर हागोप म्हणाला, "एका अक्षराचं काय एवढं. होईल." त्याच्या कपाळावर मात्र घाम आला होता आणि तो खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरशी चाळा करत होता, जो त्याने लग्नाच्या कोटातही का ठेवला होता कोण जाणे. नुहादला वाटलं, ही सुटका आहे. परवाना नाकारला तर परत जाता येईल, साडेसहाला घरी पोचता येईल, ट्रिपोलीचं काम लवकर आटपलं म्हणता येईल. तिने ही सुटका मनात उलटसुलट करून पाहिली आणि तिला तिचीही भीती वाटली, कारण ती फार ओळखीची होती. अशा सुटका करून घेतच ती त्रेचाळीस वर्षांची झाली होती. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. वहीब.

तिने तीन वेळा वाजू दिला. चौथ्या वेळी उचलला.

"अगं, आईने गोळ्यांची बशी सांडली," वहीब म्हणाला. "सगळ्या एकात एक झाल्यात. सकाळी पांढरी द्यायची की पिवळी?"

"पांढरी. अर्धी."

"अर्धी कशी करायची?"

"मधे रेघ आहे बघ. सुरीने होते."

"थांब."

आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. लाकडावर. हलकाच. मग घर ऐकू यायला लागलं. आईचा खोकला. नळाचं पाणी. वहिनी कुणाला तरी म्हणत होती की चादरी अजून ओल्या आहेत. कोंबडा अवेळी आरवला. नुहाद उठून उभी राहिली. तिने फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. तिला ओरडावंसं वाटलं आणि कुणाला हाक मारावी तेच कळेना. हागोपने काय झालं असं खुणेने विचारलं, तिने मान हलवली. आई पुन्हा खोकली. वाटलं, आता हेच, असंच, आणि यापुढे दर वेळी. खुर्ची सरकली. पावलं दूर गेली. पावलं जवळ आली.

"हां, पेन आणलं," वहीब म्हणाला. "सांग. सकाळी पांढरी अर्धी. पुढे?"

ती परत बाकावर बसली. "दुपारी जेवल्यावर पिवळी. पूर्ण. रात्री गुलाबी, पण दाब मोजून. एकशेचाळीसच्या वर असेल तरच."

"एकशेचाळीसच्या वर," तो लिहिता लिहिता पुटपुटला. "आणि ती झोपेची?"

"ती मागेल. रोज देऊ नकोस."

"बरं." त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "ट्रिपोलीत कुठे उतरलीस?"

तिच्याकडे हॉटेलचं नाव तयार होतं. रस्ताही तयार होता. हागोप तिच्याकडे बघत होता, समोरची मुलगी पिन लावून शांत बसली होती.

"मी ट्रिपोलीत नाही, वहीब."

"माहीत आहे."

"मी..."

"माहीत आहे म्हटलं ना. अबू नसीब सोमवारी येऊन गेला. पाकीट पाठवायच्या आधी मला दाखवून गेला." त्याने नाक ओढलं. "विमा म्हणे. तुला लहानपणीही खोटं बोलता येत नव्हतं. अक्रोड मी चोरायचो आणि रडायचीस तू."

"मग थांबवलं का नाहीस?"

"थांबवलं असतं तर थांबली असतीस?"

नुहादने विचार केला. खरंच केला. "हो," ती म्हणाली.

"म्हणून."

व्हरांड्याच्या टोकाला अँड्रूला दिसली, हाताने या या करत होती.

"आईला माहीत नाही," वहीब म्हणाला. "काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी बघतो. काकालोकही बसतील माझ्यासमोर, तेही बघतो. पण वर गावात येऊ नकोस. मी सांगेपर्यंत येऊ नकोस."

"कधी सांगशील?"

"ते मला विचारू नकोस. मला ठाऊक नाही." मग हळूच, "माणूस कसा आहे?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मी काय विचारलं?"

"चांगला आहे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन बंद केला. नीट, बटण दाबून. ती पडद्याकडे बघत राहिली, कॉल संपला असं लिहिलेलं जाईपर्यंत.

तिने हागोपचा हात धरला नाही, पण त्याच्या बाहीची कड धरली आणि तशीच आत गेली. इतकी वर्षं ज्याची भीती होती ते घडून गेलं होतं, मग भीतीने कमी व्हायला हवं होतं. ती कमी झाली नव्हती. तिची फक्त जागा बदलली होती. आधी ती पाठीमागे असे, वळून वळून बघायला लावणारी. आता समोर होती, मोठी, रिकामी, आणि तिच्यात शिरायला कुणी ढकलत नव्हतं.

"वरचे म्हणतात प्रतिज्ञापत्र चालेल," अधिकारी बाई म्हणाली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "पारपत्रातली निहाद आणि दाखल्यातली नुहाद या एकच व्यक्ती आहेत, असं स्वतःच्या हाताने लिहायचं. शपथेवर. खोटं निघालं तर गुन्हा आहे. अरबीत लिहा, अँड्रूला भाषांतर करील."

नुहादने लिहिलं. अक्षर लहान मुलाच्या अक्षरासारखं मोठं होत चाललं होतं. या एकच व्यक्ती आहेत. लिहून झाल्यावर तिने ते वाचून पाहिलं. सकाळी रांगेत उभी राहिलेली, मागची दारं मोजणारी बाई आणि ही पेन धरलेली बाई, दोन्ही एकच, शपथेवर. तिला खात्री नव्हती. तिने पूर्णविराम दिला.

"खाली राहण्याचा पत्ता," अधिकारी बाई म्हणाली.

हात सवयीने गावाच्या नावाकडे वळला आणि पहिल्या अक्षरावर थांबला. शाळेपासून, लॅबच्या अर्जापासून, पारपत्रापर्यंत तिने दुसरा कुठलाच पत्ता कधी लिहिला नव्हता. त्या पत्त्यावर आत्ता वहीब सुरीने अर्धी गोळी करत असेल आणि आई म्हणत असेल, तुला नाही येत, नुहादला येऊ दे. तिने ते अक्षर खोडलं.

"खाडाखोड केली तर तिथे सही करावी लागेल," अधिकारी बाई म्हणाली.

तिने सही केली. मग मान न वळवता हागोपला म्हणाली, "तुझा पत्ता सांग."

"बुर्ज हम्मूद," हागोपने सांगितलं. रस्ता सांगितला, शिंप्याच्या दुकानावरची इमारत सांगितली. ती लिहीत गेली. सहा वर्षांत ती त्या इमारतीत एकदाही गेली नव्हती, कुणी पाहील म्हणून.

"मजला?"

"चौथा. लिफ्ट चालत नाही, आधीच सांगतो."

"तू असून?"

"मालक विजेचं बिल भरत नाही. मी काय करू?"

अँड्रूला हसली. अधिकारी बाईने हसू दाबून शिक्का शाईवर टेकवला, कागदावर दाबला, वर आणखी एक सही केली आणि परवान्याचा कागद हागोपपुढे ठेवला, कारण नुहादने हात पुढे केला नव्हता. लग्न साडेबाराला, ती म्हणाली, समोरच्या खोलीत, उशीर करू नका, मागे रांग आहे.

"परत एकदा सांग," नुहाद बाहेर येता येता म्हणाली.

"काय?"

"पत्ता."

त्याने सांगितला. बुर्ज हम्मूद, तो रस्ता, शिंप्याचं दुकान, चौथा मजला. व्हरांड्याच्या मध्यावर उभं राहून ती ओठ हलवत तो मनाशी म्हणत राहिली, एकदा, दोनदा, न अडखळता येईपर्यंत, जत्रेत हरवलं तर सांगता यावा म्हणून लहान पोरांकडून पाठ करून घेतात तसा.